उकळून गार केलेलं पाणी

मावशींच्या घरी येणाऱ्याला आधी जंतुनाशकाचा वास भेटायचा, मग मावशी. "हात धुतलेत?" हीच त्यांची "या, बसा." उभी हयात त्यांनी एका मोठ्या इस्पितळात काढली, तीही शस्त्रक्रियेची हत्यारं स्वच्छ करायच्या खोलीत. कात्र्या, चिमटे, वाडगे आधी घासायचे, मग उकळायचे, मग वाफेच्या पेटीत घालायचे आणि कापडात गुंडाळून तारीख टाकून ठेवायचे. डॉक्टर बदलले, पेट्या बदलल्या, मावशी तिथेच राहिल्या. आपल्या हातून गेलेल्या हत्याराने कुणाची जखम चिघळली नाही, एवढाच काय तो त्यांचा तोरा. बाकी बाई साधी, कमी बोलणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

नवरा त्यांना चिडवायचा. "मी मेलो तर ही आधी मला उकळून घेईल आणि मग रडेल."

"तुम्ही मावणार कुठल्या पातेल्यात?" मावशी म्हणायच्या.

नवऱ्याला सगळी गल्ली मीटरकाका म्हणायची, कारण त्यांनी आयुष्यभर विजेचे मीटर दुरुस्त केले. नोकरी संपल्यावर त्यांना मासे पाळायचा नाद लागला. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडापासून जरा आडोशाला त्यांनी काचेची टाकी मांडली. तिच्यात शेंदरी रंगाचे, लांब शेपटीचे मासे होते, तळाशी खडे, कोपऱ्यात हवेचा पंप आणि पाणी गाळायचा स्पंज. मावशींनी त्या टाकीला कधी बोट लावलं नाही. "घाण तुमची, तुम्हीच निस्तरा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. काका निस्तरायचे, पण ते निस्तरणं मावशींना बघवत नसे. काका टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढायचे, त्याच गढूळ पाण्यात स्पंज बुचकळून पिळायचे आणि तसाच परत बसवायचे.

"याला धुणं म्हणतात होय?"

"मासे तक्रार करतात का? नाही ना? मग तू गप बस."

मग एका सकाळी चहाचा कप काकांच्या हातातून पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा काकांना ओळख होती, ऐकू येत होतं, डावा हात हलत होता. शब्द मात्र एकही उरला नव्हता. काही हवं असलं की ते डाव्या हाताच्या पेरांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर टकटक करत. पाणी हवं, भांडं हवं, दिवा नको, सगळ्याला तीच टकटक. कशासाठी ते मावशींनी ओळखायचं.

सगळ्यात अवघड होतं जेवण. घास तोंडात गेला तरी काका गिळायचं विसरत, नाहीतर ओठच मिटून घेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तोंडाने पोटभर गेलं तर उत्तम. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." आणि मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं की काहीही होवो, नळी नको. नळीवरची माणसं त्यांनी इस्पितळात पुष्कळ पाहिली होती. नळी एकदा आत गेली की म्हाताऱ्या माणसाचं तोंड सहसा पुन्हा चालू होत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

वाट सापडली ती लेकीमुळे. ती सुट्टी काढून आली होती. तिने पलंग फिरवला आणि काकांचं तोंड टाकीकडे केलं. एक मासा काचेशी आला. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मासा तोंड उघडत होता तसं आपलंही तोंड जरासं उघडलं. मावशींनी चमचा आत सारला. काकांनी गिळलं.

"आई, परत!" लेक कुजबुजली.

त्या दिवशी वाटी रिकामी झाली. तेव्हापासून मासे पोहत आणि काका जेवत. मावशींनी कधी कुणासमोर बोलून दाखवलं नाही, पण त्या रोज सकाळी डोळे उघडले की आधी काकांकडे बघत आणि लगेच टाकीकडे.

आता टाकी मावशींची झाली होती. लेक परत गेल्यावर त्यांनी ती नीट निरखली. काचेला बुरशीसारखा थर, खडे बुळबुळीत, स्पंज काळाकुट्ट. आजारी माणसाच्या खोलीत ही घाण! मावशींनी पदर खोचला. मासे बादलीत काढले, खडे उकळले, काच जंतुनाशकाने पुसून बारा पाण्यांनी धुतली. स्पंज तर पातेल्यात घालून असा उकळला की त्याचा मूळचा निळा रंग दिसायला लागला. पाणीही नळाचं नाही घातलं, उकळून गार केलेलं घातलं. टाकी हिऱ्यासारखी लखलखली.

मावशी स्पंज पातेल्याकडे नेत होत्या तेव्हा काकांनी कठडा वाजवला. "आले, आले. हात खराब आहेत माझे," मावशी म्हणाल्या. हात धुऊन त्यांनी पाणी आणलं. काकांनी मान फिरवली. भांडं आणलं. तेही नको. "मग काय हवंय?" काकांचा हात चालूच होता. मावशींनी खिडकी लावली, उशी सारखी केली आणि म्हणाल्या, "उगीच चिडू नका, तुमच्याच माशांचं करतेय."

दोन-चार दिवसांत पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. मासे वर येऊन तोंडं बाहेर काढू लागले. मग त्यातला एक तळाशी आडवा झाला.

मावशींना एकच औषध माहीत होतं. त्यांनी टाकी पुन्हा धुतली, या वेळी आणखी कसून. काकांनी पुन्हा कठडा वाजवला, मावशींनी पुन्हा पाणी आणलं. पाणी पुन्हा पांढरं झालं, पुन्हा मासा मेला. काका झोपलेले असताना त्या मेलेला मासा काढत आणि ओट्याखालच्या डब्यात टाकत, पण काकांना कळायचंच. टाकीत एक कमी झाला की वाटीतले चार चमचे कमी जात.

आता कारण शोधायला हवं होतं. इस्पितळात जखम चिघळली की आधी विचारत, कुणाकुणाचा हात लागला? मावशींनी तोच प्रश्न घरात लावला. आधी संशय खालच्या मजल्यावर गेला. तिथल्या बिऱ्हाडात झुरळांचं औषध मारलं होतं. मावशी जिना उतरून गेल्या.

"मावशी, औषध आम्ही मारलं, आमची झुरळं अजून जिवंत आहेत. तुमचे मासे वरच्या मजल्यावर कसे मरतील?" खालची म्हणाली.

मावशी परत आल्या. माशांचं खाणं बदललं, पंप बदलला, खिडकीला ओली चादर लावली. काहीच लागू पडेना. मग एका सकाळी टाकीच्या पाण्यावर त्यांना साय धरावी तसा पातळ, चकचकीत तवंग दिसला. तेल! आणि घरात तेलाचे हात एकाच बाईचे होते.

मालिशवाली रोज सकाळी यायची. दांडगी, मोठ्या आवाजाची, दारातूनच सुरू व्हायची. "काय मीटरसाहेब, आज करंट आहे का? का फ्यूज उडालाय?" काकांच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हसायची. ती त्यांचा मेलेला हात मांडीवर घेऊन चोळायची आणि जगाच्या गप्पा सांगायची. जाता जाता माशांना चिमूटभर खाणं टाकायची, कारण काकांना ते आवडायचं.

"तू हात न धुता टाकीत घालतेस," मावशी म्हणाल्या.

"अहो, धुते की! साबणाने धुते. तुमच्या घरात हात न धुता श्वास तरी घेता येतो का?"

"पाण्यावर तेल आहे."

"मावशी, मी हात पाण्याला लावतसुद्धा नाही. वरून टाकते." मग मावशींच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बदलला. "माझ्या हाताने मेले म्हणता?"

मावशी नुसतं म्हणाल्या, "उद्यापासून नको येऊस."

मालिशवालीने तेलाची बाटली पिशवीत टाकली. काकांच्या पायावर एकदा हात ठेवला, काही विनोद केला नाही आणि गेली. काका कठडा वाजवत राहिले. मावशी टाकी रिकामी करत होत्या, तेल निघायला हवं होतं.

शेवटी टाकीत एकच मासा उरला. तोही पंपाच्या बुडबुड्यांना चिकटून राहायचा. काका त्याच्याकडे बघायचे आणि कधी कधी बघता बघता डोळे मिटून घ्यायचे. वाटी अर्धी परत जाऊ लागली. मावशींनी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं, बाटली अर्थात उकळून घेतलेली, खालच्या बाईला जरा काकांपाशी बसवलं आणि मासे विकणाऱ्या दुकानात गेल्या.

दुकानदार किरकोळ अंगाचा, झोप न झाल्यासारखा दिसणारा माणूस होता. मावशींचं सगळं बोलणं होईपर्यंत तो एका टाकीतलं शेवाळ खरवडत होता. मग त्याने बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"पिवळं राहायला हवं होतं," तो म्हणाला. "विष आहे हे."

"बघा! म्हणजे कुणीतरी..."

"कुणी नाही. त्यांचंच आहे. माशांच्या घाणीचं विष होतं, आणि ते विष खाणारे जंतू असतात टाकीत. मावशी, स्पंज कसा धुता?"

मावशी ताठ उभ्या राहिल्या. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणीही, कधीही विचारलेला चालला असता. "उकळून," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. आणि खडे पण."

दुकानदाराने काचेची नळी खाली ठेवली. मग म्हणाला, "जंतू त्यातच राहतात. स्पंजात. काळा थर असतो ना, तो त्यांचाच. तुम्ही उकळलं की ते मरतात, मग माशांना वाचवणारं कुणी राहत नाही. पाणी पांढरं झालं की तुम्ही परत उकळत असणार."

"आणि तवंग? तेलाचा?"

"ते तेल नाही. पाणी बिघडलं की धरतो तसा. स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा असतो. तुमच्याकडे आधी कोण करायचं हे?"

मावशींनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्या कानात कठडा वाजत होता. तहानेचा नव्हता तो आवाज. भांड्याचा नव्हता, उशीचा नव्हता. पातेलं हातात असलं की वाजायचा. समोर निजलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत एकेक मासा मरताना बघत होता, का मरतो ते त्याला ठाऊक होतं, आणि आपण दर वेळी त्याच्या तोंडाशी पाण्याचा पेला नेत होतो.

दुकानदाराने आपल्या जुन्या टाकीतल्या स्पंजाचा एक काळा, गळका तुकडा कापून दिला आणि दोन काटक मासे दिले. "हा तुकडा आत सोडा आणि मग काही करू नका," तो म्हणाला. "काहीही करू नका. जमेल?"

मावशींनी तो तुकडा हातात धरून घरी आणला. त्यांच्या बोटांमधून काळं पाणी ओघळत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. तुकडा टाकीत सोडला. मग काकांच्या उशाशी बसल्या.

"अहो, तुम्ही सांगत होतात," त्या म्हणाल्या. "मला समजलं नाही हो. स्पंजाचं सांगत होतात ना?"

काकांचे डोळे मिटलेले होते. झोप होती की नुसते मिटलेले, ते मावशींना ओळखता आलं नाही. "एकदा वाजवा," त्या म्हणाल्या. डावा हात चादरीवर तसाच पडून होता.

दुकानदाराने सांगितलं तसं मावशींनी काही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. हात मांडीखाली दाबून त्या टाकीसमोर बसत. पाणी हळूहळू नितळलं, आणि मासे तळापासून वरपर्यंत सगळीकडे फिरू लागले. मावशींनी वाटी आणली, काकांची मान मासे दिसतील अशी वळवली. काकांनी बघितलं, पण भिंतीकडे बघावं तसं. ओठ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ताप आला, छातीत घरघर सुरू झाली, आणि डॉक्टरांनी आता विचारलं नाही, नुसतं सांगितलं. नाकातून नळी गेली.

मालिशवालीचं घर मावशींनी विचारत विचारत शोधलं. ती दारात कपडे वाळत घालत होती. मावशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"तू नव्हतीस," त्या म्हणाल्या. "मीच मारले."

मालिशवाली कपडे झटकत राहिली. "ते मला तेव्हाही माहीत होतं मावशी. कसे ते माहीत नव्हतं, एवढंच." मग म्हणाली, "साहेब कसे आहेत?"

"नळी घातली."

मालिशवालीने हातातला कपडा बादलीत टाकून दिला. ती त्याच दुपारी आली. काकांचे पाय मांडीवर घेतले आणि दारातून म्हणायची ते आता पलंगावर वाकून हळूच म्हणाली. काकांच्या तोंडाची कुठलीच बाजू हलली नाही. ती बराच वेळ पाय चोळत बसली. निघताना म्हणाली, "सकाळचं मला आता दुसरं घर लागलंय मावशी. ते सोडता यायचं नाही. अधूनमधून येईन." खरंच अधूनमधून येते ती.

लेक फोनवर विचारते, टाकी काढून टाकायची का, खोलीत जागा होईल. मावशी म्हणतात, राहू दे, जिवंत आहेत ते. त्यांना खाणं टाकलं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की पुरतं. बाकी मावशींचा सगळा दिवस काकांच्या नाकातल्या नळीपाशी जातो. पातळ जेवण वरून हळूहळू ओतावं लागतं, घाई केली तर उलटतं. ते उतरेपर्यंत मावशी हात उंच धरून उभ्या असतात, आणि त्यांच्या पाठीमागे मासे पोहत असतात.