साळूबाईचे दोन भुंगे

मखमलाबादच्या साळूबाईची पारख पक्की. तीस कोंबड्यांतून आपली कोणती आणि शेजारणीची कोणती, हे ती लांबूनच सांगायची. शंका आलीच तर चंचीतला चुना बोटावर घेऊन पंखावर ठिपका लावायचा, मामला मिटला. भुंग्यांनी मात्र या पारखीला चकवलं.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. पंधरा गुंठ्यांत गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, मांडव होता आणि त्या वर्षी घराची सगळी मदार त्याच्यावरच. बांधावर घंटीसारख्या पिवळ्या फुलांची झुडपं होती. ती फुलं पहाटे तोडून साळूबाई पंचवटीत हारवाल्यांना नेऊन द्यायची. फुलांना देठाशी चिरा पडायला लागल्या, तशी ती एक दिवस बांधावर बसून राहिली.

चोर सापडला. अंगठ्याएवढा, काळाकुळकुळीत, निळसर पंखांचा भुंगा. फुलात समोरून शिरण्याऐवजी तो बाहेरूनच देठाशी चीर पाडून रस ओढत होता.

"दार उघडं असताना भिंत फोडतो मेला!" साळूबाई म्हणाली.

गिलक्याच्या फुलांत शिरणारे भुंगे तिला ठाऊक होते, ते फिरले की गिलकी धरतात हेही; पण ते पिवळ्या पाठीचे. ते भले, हे काळे चोर, अशा दोन जाती तिने ठरवून टाकल्या. संध्याकाळी काळे भुंगे मांडवाच्या बांबूंत शिरताना दिसले. बांबूंना बोट जाईल एवढी गोल भोकं होती आणि खाली भुसा पडलेला. तिने शेणमाती कालवली आणि अकराच्या अकरा भोकं लिंपून टाकली.

तिचा धाकटा दीर गोटीराम बांधावरून बघत होता. "वहिनी, भुंग्यांना तुरुंगात घालणाऱ्या तुमी पहिल्याच!"

"हसा भाऊजी. फुलं चिरलेली चालतात का कुणाला?"

पाचव्या दिवशी हसणं बंद झालं. मांडव फुलांनी भरला होता, पण करंगळीएवढी गिलकी पिवळी पडून गळत होती. भले, पिवळ्या पाठीचे भुंगे दिसेनात.

"ते का रुसले? त्यांना तर मी हातबी लावला नाय," साळूबाई म्हणाली.

"औषध मारू का?" गोटीरामने विचारलं.

"थांबा हो. आधी कळू तर द्या."

बांधावर मात्र एक काळा भुंगा अजून फुलं चिरत होता. साळूबाईने त्याच्यावर टॉवेल टाकला, जपून धरला आणि सवयीने त्याच्या पाठीमागे, शेपटाकडे चुन्याचा ठिपका लावला. हा जातो कुठे, ते बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडवाखाली गेली. एका फुलात पिवळ्या पाठीचा भुंगा घुटमळत होता. तिला हायसं वाटलं, तोच तो वळला. मागे चुन्याचा पांढरा ठिपका.

साळूबाईने डोळे चोळले. भुंगा दुसऱ्या फुलात शिरला, पाठ घासून बाहेर आला, तर आणखी पिवळा. मग पानावर बसून त्याने मागचे पाय पाठीवरून फिरवले. पिवळी भुकटी झडली आणि खाली तोच काळाकुळकुळीत चोर! क्षणात तो बांधाकडे उडाला आणि घंटीच्या फुलाला त्याने देठाशी चीर पाडली.

"भाऊजी, इकडं या!" ती ओरडली. "ह्याला चोर म्हणू का गडी म्हणू?"

गोटीरामने डोकं खाजवलं. "आपला सालगडी वाल्मीक नाय का? आपल्याकडं राबतो आन् शेजारच्याची बोरं खातो."

"म्हणजे मी कोंडलं कुणाला?"

साळूबाईने अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेका भोकातली माती उकरायला लागली. पहिली तीन भोकं गप्प होती. चौथ्याला तिने कान लावला. आत बारीक घरघर होती. हळूहळू एक भुंगा बाहेर आला आणि बांबूवर नुसताच बसून राहिला.

तो उडेपर्यंत ती पाचव्या भोकाकडे वळली नाही.