वाळ्याची ताटी
वाळ्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. नागपूरच्या उन्हाळ्यात वडील सकाळची कचेरी आटोपून दाराला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताटीआड गारव्याला बसत आणि आम्हा मुलींना वळण लागावं म्हणून एका थोर पुरुषाचं चरित्र मोठ्याने वाचत. आई बाहेर उन्हात उभी राहून ताटीवर पाणी मारी. त्या पुरुषाने ऊन-थंडी कशी जिंकली, हे वाचत असतानाच एकदा ताटी सुकली. "काहून थांबली वं?" वडील ओरडले. आई म्हणाली, "त्या थोर माणसाले गरमी लागत नव्हती म्हणता, मंग तुमाले काहून लागून राहिली?" वडिलांनी पान उलटलं आणि मला बादलीकडे बोट दाखवलं. चरित्रं मी आजही वाचते, पण त्या थोरांच्या ताटीवर पाणी कोण मारत होतं, ते आधी शोधते. ते कुणीच लिहिलेलं नसतं.