परक्या आभाळातली इर्जिक

ताडकळसच्या वाचनालयात माझं भाषण ठरलं, तेव्हा अध्यक्षानं तोंडावरच सांगितलं, "बाई, लोकं अर्ध्यातून उठले तर पुढच्या सालापासून व्याख्यानं बंद. ऑर्केस्ट्रा ठेवू." हा अध्यक्ष म्हणजे माझाच विद्यार्थी. माझ्या इतिहासाच्या तासाला डुलक्या काढणारा. आता मलाच अटी घालत होता! शाळेतून निवृत्त झाले तरी हार मानायची सवय मला अजून लागलेली नाही.

विषयही मी मुद्दाम लांबचा निवडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरण्याआधीच तिथले काही तरुण इंग्लंडच्या हवाई दलात गेले आणि जर्मन विमानांशी लढले, त्यांची गोष्ट.

बाजाराचा दिवस असल्यामुळे गर्दी बरी होती. मी रंगात येऊन म्हणाले, "हे सगळे वैमानिक स्वयंसेवक होते."

पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "म्हंजी पंगतीत वाढायला गेलते का?"

सगळे खो खो हसले. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे छातीवर बिल्ला लावून सप्ताहात वरण वाढणारा, त्याला आजोबा तरी काय करणार? पण मागचे दोघं उठून दाराकडे निघाले आणि अध्यक्षानं घड्याळ पाहिलं. मला असा राग आला म्हणता!

त्या रागातच तोंडून निघालं, "इर्जिकीला गेले होते ते!"

कुणाचं रान अडून पडलं की गावानं आपापले बैल घेऊन जायचं, दिवसभर राबायचं आणि फक्त जेवून परत यायचं, ती इर्जिक. माझे वडील आजारी पडले त्या वर्षी आमची पेरणी अशीच झाली होती. त्या बैलांच्या घुंगरांचा आवाज मला आजही ऐकू येतो.

आजोबा सरसावून बसले. "बैल कुणाचे?"

"बैल इंग्लंडचे. हे नुसते हाकणारे."

"अन् जेवाय?"

"लढाईत साखरसुद्धा मोजून मिळायची. पुरणपोळी कुठली? पगार होता, पण त्यासाठी कोण जीव देतं? स्वतःच्या देशाचा कायदा डावलून गेले होते. नागरिकत्व जायची भीती होती."

उठलेले दोघं दारातच थांबले होते. मग तिथंच खाली बसले.

आजोबांनी हळू आवाजात विचारलं, "समदे आले का माघारी?"

"नाही. कितीतरी तिकडंच गेले."

"दुसऱ्याच्या रानात," आजोबा म्हणाले. मी शेवटपर्यंत बोलत राहिले. एकही माणूस हलला नाही.

आभार मानायला अध्यक्ष उठला. टाळ्या थांबेनात, म्हणून माइक धरून तसाच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "पुढच्या साली बी बाईच बोलतील."

खाली उतरताना मी त्याला विचारलं, "काय रे, आज डुलकी नाही आली?"

"न्हाई बाई," तो म्हणाला, "ऐकायलो होतो."