लिंडसेचं धुकं

आमच्या बर्नी या बंदराच्या गावात कुणी तोंडावर गाढव म्हणालं की समजावं, याचा आपल्यावर जीव आहे. गोड बोलायला लागलं तर खिसा सांभाळावा. माझा शेजारी लिंडसे आणि त्याचा दोस्त डॅरिल यांचा जीव असाच, शिव्यांवर पोसलेला. दर रविवारी डॅरिल कुंपणावरून ओरडायचा, "काय रे टकल्या, उठलास की मेलास?"

आतून लिंडसे, "मेलो असतो तर तुझं थोबाड तरी बघावं लागलं नसतं!" मग अंगणात सॉसेज भाजायचे आणि मलाही हाक यायची.

तरुणपणी या दोघांनी आणखी तिघा मित्रांबरोबर एक कॉम्प्युटर गेम केला होता. वादळात टगबोट न्यायची आणि अडकलेली जहाजं ओढून आणायची. कंपनी बुडाली, पण खेळणारे टिकले. नव्या कॉम्प्युटरवर तो धड चालेना. पाणी काळं दिसायचं, बोटीचा अर्धा पत्रा गायब व्हायचा. लिंडसे एकेक दुरुस्त करून लोकांना फुकट द्यायचा. बायको गेल्यावर तर त्याला तेवढाच विरंगुळा उरला होता.

यंदा गेमला पंचवीस वर्षं झाली म्हणून फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये मेळावा ठरला. अडचण एकच होती. नवी ग्राफिक्स कार्डं गेममधलं धुकं दाखवतच नव्हती, आणि ते धुकं तर खुद्द लिंडसेने केलेलं. डॅरिल रोज फोन करायचा. "बाकीचं मरू दे रे, आधी धुकं आण. त्याच्याशिवाय कुणाला दाखवूसुद्धा नकोस."

"बघ," लिंडसे मला म्हणाला, "या बैलाला माझ्या कामाची केवढी किंमत!" बोलताना त्याचे डोळे भरले होते.

एका दुपारी त्याने मला घरात बोलावलं. पडद्यावर धुक्याविना समुद्र होता. लांब, जिथे खेळणाऱ्याची बोट कधी जातच नाही, तिथे बंदराचा एक धक्का होता. त्याच्या शिडीला एक माणूस चिकटलेला. चेहरा लिंडसेचाच, जुन्या फोटोतून कापून लावलेला. खाली पाण्यात एक पोरगं हात हलवत होतं. बोट जवळ नेली की शिडीवरचा माणूस बोकडासारखा ओरडायचा आणि धक्क्यावर बाकीचे चौघे मित्र पोट धरून हसायचे.

लिंडसेचा धाकटा भाऊ लहानपणी धक्क्यावरून पडून बुडाला, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"मी शिडीवर होतो," लिंडसे म्हणाला. "हात सुटेचनात माझे. हे फक्त डॅरिलला सांगितलं होतं मी. बायकोलासुद्धा नाही."

मला असा संताप आला की वाटलं, तिथल्या तिथे डॅरिलचं घर गाठावं.

"तोंडावर म्हणाला असता तर एक ठोसा लगावला असता आणि मिटलं असतं," लिंडसे म्हणाला. "माझ्याच धुक्यामागे बसून हसले रे, इतकी वर्षं."

शनिवारी हॉल भरला. लिंडसेने गेम सुरू केला तो धुक्याविना, आणि टगबोट सरळ त्या धक्क्याच्या दिशेने सोडली. लोकांना काही कळलं नाही. डॅरिल मात्र पांढरा पडला. खुर्चीजवळ वाकून हळूच म्हणाला, "धुकं जमलं नाही का रे?"

"जमलंय. हे बटण दाबलं की येतं."

"मग दाब ना! गंमत होती रे ती. पोरं होतो आपण."

"गंमत होती तर मला सांगायचीस." लिंडसे खुर्चीवरून उठला. "तूच दाब."

धक्का मोठा होत होता. शिडी दिसायला लागली तसं डॅरिलने बटण दाबलं. आमच्या समुद्रावर उतरतं तसंच दाट, करडं धुकं पडद्यावर पसरलं आणि हॉलभर टाळ्या पडल्या. ते चौघे तर उभे राहून वाजवत होते. लिंडसे तोवर बाहेर गाडीत जाऊन बसला होता.

रविवारी डॅरिल आलाच. कुंपणावरून ओरडला, "काय रे टकल्या, उठलास की मेलास?"

मी हातातलं काम सोडून ऐकत राहिलो. थोड्या वेळाने लिंडसे दारात आला.

"गुड मॉर्निंग, डॅरिल," तो म्हणाला. "आज जमणार नाही. आलास, बरं वाटलं. थँक यू."