साहेबांचं टीमवर्क आणि खडोलीची पिकअप

मंडळी, आज सकाळी आपल्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर मॅनेजरसाहेबांची पोस्ट वाचली आणि डोकंच सटकलं. "खडोलीच्या थंडीत डिझेल पिकअप सुरू व्हायची नाही, तेव्हा आम्ही सगळे मिळून ढकलायचो. काय टीमवर्क होतं!"

आम्ही? साहेब, नव्वदच्या दशकात आपल्या खडोलीच्या फॅक्टरीत त्या गाडीचा ड्रायव्हर मी होतो. तुम्ही मफलर गुंडाळून माझ्या शेजारी बसायचात. ढकलायचे ते नाइट शिफ्ट करून घरी निघालेले आठ जण, सगळे धुळे-नंदुरबारकडचे.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, "साहेब, सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. पांढरा धूर येतोय. म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. थंडीत इंजिन तापवणारे हीटर प्लग गेलेत."

"डिप्लोमा कोणाकडे आहे रे, तुझ्याकडे की माझ्याकडे?" असं म्हणून तुम्ही बॅटरी बदललीत. पुढे महिनाभर रोज धक्का.

तुम्ही रजेवर नाशिकला गेलात, तेव्हा मी प्लग काढून बॅटरीला लावून बघितले. चारपैकी एकही तापून लाल होईना. नवे बसवले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. सवयीने मागे हात टेकून उभे राहिलेले आठही जण बघतच राहिले.

आणि परत आल्यावर तुम्ही काय म्हणालात? "बघ, नव्या बॅटरीचा गुण!"

असो. त्या आठांपैकी एकाचं तरी नाव सांगा, साहेब.

मंडळी, तुम्ही सगळे गप्प बसा, नावं सुचवू नका. या वेळी त्यांना कोणी धक्का द्यायचा नाही.