टोपलीतल्या कडक भाकरी

चौथीत शाळा सुटली, त्यामुळं वहीत हिशेब मांडायची सवय मला लागली नाही. आमचा महिना टोपलीत असायचा.

सत्तरनंतरच्या सालांत मी सोलापुरात मिलमध्ये मागावर होतो. पगार दहा तारखेला. भाडं बाजूला निघालं, ज्वारी-डाळ भरून झाली, माझ्या पानतंबाखूचे पैसे कोनाड्यातल्या डबीत पडले, की बायको चुलीपुढं बसून पातळ भाकरी करायची आणि धगीवर वाळवून कडक करायची. त्या टोपलीत रचून शिंकाळ्यात टांगायची. महिना सरत आला, पीठ संपलं, की टोपली खाली. मग पगारापर्यंत तिच्यावरच.

चाळीत सगळ्यांचं दुकानदाराकडं उधारीचं खातं होतं, माझं नव्हतं. उधारी मागीन त्या दिवशी मिशी उतरवीन, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं.

एकदा टोपली नुकतीच खाली आली आणि मोडनिंबहून मेव्हणा आला. विहिरीवरच्या मोटारीचं सामान न्यायचं होतं. घरात पीठ नाही. बायकोनं मला दाराआड बोलावलं.

"भावाम्होरं कडक भाकरी ठिवू व्हय?"

ठेव, म्हटलं, चोरीची न्हाय.

तिनं गरम आमटी केली, शेंगाचटणीवर तेल घातलं. मेव्हण्यानं भाकरी आमटीत चुरून पोटभर खाल्ली.

"दाजी, अशी भाकरी आमच्यात कुणाला जमत न्हाय बगा."

बायकोचं कौतुक, तेही तिच्या माहेरच्या तोंडून. मी फुगलो. घेऊन जा म्हटलं. तो नको नको म्हणत होता. बायको माझ्याकडं बघत होती, तेही मला दिसत होतं. पण सोयरा माझ्या घरातून रिकाम्या हातानं जाणार नाही, असं म्हणून मीच उठलो आणि फडक्यात बांधून दिल्या. टोपलीत चुरा राहिला.

त्याला एस.टी.त बसवून आलो, तर तिनं तो चुरा ताटात काढून ठेवला होता. पगाराला चार दिवस होते.

"दुकानदाराकडं जाऊन यिऊ का? मिशीचं कुणाला सांगत न्हाय मी."

"माझं मला ठावं हाय की," मी म्हणालो.

कोनाड्यातली डबी काढली. तिला बायको कधी हात लावत नसे. ती सगळी रिकामी करून रोखीनं ज्वारी आणली आणि दळून घरी दिली.

ते चार दिवस तंबाखूविना गेले. दुपारच्या सुट्टीत शेजारच्या मागावरच्यानं चंची पुढं केली, मी मान फिरवली. चिमूट घेतली असती तरी ती उधारीच की.

पगार झाला. बायकोनं भाकरी केल्या, तेव्हा शिंकाळ्यात दोन टोपल्या दिसल्या. दुसरी कशाला, असं विचारलं.

"ही घरची. ती तुमास्नी वाटाय," ती म्हणाली.

त्या दुसऱ्या टोपलीची ज्वारी तिनं माझ्या डबीतल्या पैशांतून आणली होती. पुढंही दर महिन्याला तशीच आणत गेली. मिशी अजून आहे, पांढरी झाली एवढंच.