नाचायचा पाट

"आधी उलटी बाजू दाखवा."

अक्का हे साड्यांपुरतंच म्हणत असत्या तर गोष्ट वेगळी. बंगळूरच्या चिकपेट बाजारात त्यांचं साड्यांचं घाऊक दुकान होतं आणि तिथे ते शोभलं असतं. पण त्यांच्या हाती ताट आलं, उशी आली, लग्नपत्रिका आली, तरी ती आधी पालथी व्हायची. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा दिला. त्यांनी तो उलटा केला, खालचा चिकटवलेला भाग अंगठ्यानं दाबून पाहिला आणि मगच म्हणाल्या, "या. बसा."

"पुढून सगळ्याच साड्या चांगल्या असतात," त्या सांगायच्या. "धागे मागे सुटतात."

के. आर. पुरमच्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी बरोबर त्यांच्या खाली. त्यांचं घराणं कैक पिढ्यांचं बंगळूरातलं. मराठी घरात आणि कन्नड बाहेर असा त्यांचा कारभार होता, पण या दोन भाषांमधलं दार त्यांनी कधी लावून घेतलं नव्हतं. "स्वल्प थांब" म्हणजे थोडं थांब आणि "सरी" म्हणजे ठीक, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. अक्का मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय पुणेकर?" एवढंच.

अक्कांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. उंच, शांत आणि मिश्किल. त्यांना कंपवात होता. तुमच्यापैकी कुणी हा आजार घरात पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, हात थरथरतो ते लोकांना दिसतं, पण खरा छळ पायांचा. माणूस चालता चालता थांबतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दाराच्या उंबऱ्याशी, लिफ्टच्या फटीशी, जिथे पलीकडे जायचं असतं नेमकं तिथेच. मन पुढे गेलेलं असतं आणि पाय मागे राहतात.

अशा वेळी भोवतालची माणसं त्यांना ओढायला धावत. अक्का सगळ्यांना हटकत. "हात लावू नका! ओढलं तर पडतील." मग त्या काकांच्या शेजारी उभ्या राहत, जणू दोघं बसची वाट बघताहेत. काका हळूच म्हणायचे, "आज बस उशिरा आहे." त्यांचा आवाजही आजारानं बारीक झाला होता, पण विनोद शाबूत होता.

रविवारी दुकान बंद असे. त्या दिवशी अक्का काकांना मॉलमध्ये घेऊन जायच्या, कारण तिथली फरशी सपाट होती आणि उंबरे नव्हते. एका रविवारी खेळांच्या दालनासमोर काकांचे पाय चिकटले. समोर नाचाच्या खेळाचं यंत्र होतं. तुम्ही पाहिलं असेल: पुढे मोठा पडदा, खाली चार बाण असलेला लोखंडी चौथरा, मागे धरायला दांडी. पडद्यावर बाण सरकत वर येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर आपण पायाखालच्या त्याच बाणावर पाऊल टाकायचं. एक कॉलेजातली मुलगी खेळत होती. काका तिच्या पायांकडे बघत उभे राहिले. ती उतरली, चौथरा रिकामा झाला, बाण तसेच लुकलुकत राहिले. आणि काकांचा पाय उचलला गेला. पहिल्या बाणावर पडला. मग दुसरा.

"मी श्वास घेतला नाही," अक्का मला सांगत होत्या. "म्हटलं, मी श्वास घेतला आणि यांचं लक्ष माझ्याकडे गेलं तर?"

फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं तर त्यांना नवल वाटलं नाही. पुढे एखादी रेघ दिसली किंवा ठेका ऐकू आला की या आजारात काहींचे पाय सुटतात, म्हणाल्या. करा, पण मागे दांडी हवी आणि शेजारी माणूस हवं. झालं. पुढचे कित्येक रविवार अक्का आणि काका त्या यंत्रावर. काका सावकाश गाणं लावायचे, दांडी घट्ट धरायचे. अक्का शेजारच्या चौथऱ्यावर, पदर खोचून. रांगेतली पोरं आधी हसली, मग जागा द्यायला लागली, मग काकांना "अंकल, लेफ्ट!" असं ओरडायला लागली.

एका सकाळी अक्का खाली आल्या. "पुणेकर, तुझ्या डोक्यावर आम्ही नाचणार आहोत. विचारायला नाही आले, सांगायला आले. पण कुठला पाट घ्यायचा ते तू शोध. तुला कॉम्प्युटरवर सगळं सापडतं."

"पाट?"

"नाचायचा पाट. मॉलमध्ये आहे तसा. घरी हवा."

"रविवारी मॉलला जाताच की, अक्का."

"ज्या दिवशी पाय चिकटतात ना, त्याच दिवशी मॉलला जाता येत नाही," त्या म्हणाल्या. 

मी शोधायला लागले. घरी घ्यायचे पॅड मुख्यतः तीन तऱ्हांचे निघाले. घडी घालून कपाटात ठेवायची प्लास्टिकची पातळ चटई, तीच चटई आत जाड फोम घातलेली, आणि मॉलसारखा लोखंडी, दांडीचा. मी शहाणपणानं चटई मागवली. पाहुणे आले की गुंडाळून ठेवता येईल, असा माझा विचार. अक्कांनी ती उलटी केली आणि तोंड वाकडं केलं. "ही घसरणार."

"फरशीला चिकटपट्टीनं लावू."

लावली. काकांनी एक पाय ठेवला, दुसरा ओढला, आणि त्या ओढण्याबरोबर चटईला सुरकुती पडून पट्टी सुटली. अक्का आणि मी दोन्ही बाजूंनी होतो म्हणून निभावलं. काका खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "नाच छान झाला. थोडा लवकर संपला." अक्का हसल्या नाहीत. चटईची घडी घालून माझ्या हातात दिली. "परत पाठव."

त्यांचा एकुलता मुलगा हैदराबादला. त्याचा फोन माझ्यासमोरच आला. अक्कांना फोन लांब धरून मोठ्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आई, ते मुलांचं खेळणं आहे. बाबा पडले तर? तुम्ही दोघं इकडे या. तळमजल्यावर राहू आपण, माणूस ठेवू."

"तू मुलगा आहेस, बरोबर बोलतोस," अक्का म्हणाल्या. "पण अजून मी आहे. सरी, ठेवते."

फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ काकांच्या चपलांकडे बघत बसल्या. पडले तर, हा प्रश्न मुलाला फोनवर पडत होता. अक्का त्या प्रश्नासोबतच राहत होत्या.

सर्जापूर रोडला एक तरुण इंजिनिअर नोकरी सांभाळून असे लोखंडी पाट बनवून विकतो, असं मला कळलं. आम्ही तिघं टॅक्सीनं गेलो. गॅरेजसारख्या जागेत त्यानं एक चकाचक पाट मांडून ठेवला होता, बाणांच्या खाली निळे-गुलाबी दिवे. तो दिवे लावून दाखवणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, "आधी उलटी बाजू दाखव."

"मॅडम, वजन खूप आहे."

"म्हणूनच."

त्यानं आणि टॅक्सीवाल्यानं मिळून पाट उभा केला. अक्का चष्मा लावून वाकल्या. सांधे पाहिले, वायरी कुठून जातात ते पाहिलं, खालचे रबरी पाय एकेक करून पिळले. "हा एक सैल आहे." त्यानं तो घट्ट केला. मग दांडी. अक्कांनी दोन्ही हातांनी धरून मागे अंग टाकलं, पूर्ण. इंजिनिअर घाबरला. दांडी जागची हलली नाही.

मग काका चढले. कडेला त्यानं लाकडी उतार करून ठेवला होता, मी तसं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून. त्यांनी बाणावर पाय टेकवला, पण दिवा लागला नाही.

"जोरात दाबा, सर."

"त्यांना जोरात येत नाही," अक्का म्हणाल्या. "पाटाला हळू ऐकायला शिकव."

तो मुलगा चांगला होता. वाद घालत बसला नाही. प्रत्येक बाणाखाली दाब मोजणारा सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरवरून हळवा करता येतो म्हणाला. लॅपटॉप घेऊन खाली बसला. काका पाय टेकवत, तो आकडा बदलत. करता करता एकदा काकांचा पाय नुसता सरकत आला आणि खाली निळा दिवा लागला. काकांनी खाली पाहिलं. मग त्यांनी तोच पाय पुन्हा सरकवला. पुन्हा दिवा लागला. दिव्याच्या बटणाशी खेळणाऱ्या लहान मुलासारखे ते तेच करत राहिले आणि आम्ही सगळे बघत राहिलो.

"घरासाठी एकच पुरेल, मॅडम," इंजिनिअर शेवटी म्हणाला. "दोन पाट म्हणजे तुमचा हॉल भरून जाईल."

"दोन," अक्का म्हणाल्या. "हे एकटे नाचत नाहीत."

हॉलमधला सोफा अक्कांच्या नणंदेकडे गेला. आमच्या छताखातर अक्कांनी पाटांखाली जाड रबर अंथरून घेतलं. यंत्र लागलं त्या संध्याकाळी अर्धी इमारत बघायला जमली आणि काकांनी चढायला साफ नकार दिला. खुर्चीत बसून राहिले. "मी काय सर्कस आहे?" इतकंच. अक्कांनी आग्रह केला नाही. सगळ्यांना कॉफी दिली आणि वाटेला लावलं. मला मात्र थांबवलं, कारण पाटांना जोडलेला, गाणी लावायचा कॉम्प्युटर मीच चालवणार होते.

मग त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच चढल्या. मुद्दाम अवघड गाणं लावायला सांगितलं. बाण भराभर यायला लागले आणि अक्कांची त्रेधा उडाली. डावा म्हणता उजवा, पुढचा म्हणता मागचा. खुर्चीतून बारीक आवाज आला, "डावा. अगं डावा! उशीर झाला." थोड्या वेळानं, "पोस्टातसुद्धा याहून लवकर पोचायचं." अक्का धापा टाकत म्हणाल्या, "मग या की. बोलायला काय जातं!"

काका उठले. उतारावरून वर गेले, दांडी धरली. मी सावकाश गाणं लावलं. त्यांचा पाय चुकला की अक्काही तिथेच थांबायच्या आणि पुढच्या बाणाला दोघं मिळून निघायचे.

त्यानंतर माझं छत बोलायला लागलं. रबर असूनही एक ठोस पाऊल आणि त्याच्यामागे एक सरकतं पाऊल ऐकू यायचं. कामाचे कॉल चालू असताना ऑफिसातले लोक विचारायचे, वर काय चाललंय? मी म्हणायचे, आमचे काका कामाला लागलेत. नाचून झाल्यावर काका काही वेळ घरात आपले आपण फिरू शकत. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून एकदा त्यांनी स्वतः चहा केला. अक्कांनी मला तो प्यायला वर बोलावलं. साखर घालायला विसरले होते. आम्ही दोघींनी पूर्ण कप संपवला.

आजार पुढे सरकतच होता. अक्कांना ते माझ्याहून चांगलं दिसत होतं. एकदा मी काहीतरी आशेचं बोलले तर त्यांनी मला तोडलं. "पुणेकर, बरं करायला नाही घेतला मी पाट. चालतात तोवर चालायला घेतला."

दिवाळीत मुलगा आला. पहिले दोन दिवस त्यानं पाटाकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी वरून तीन माणसांची पावलं ऐकू आली. जाताना तो माझ्याकडे आला आणि हैदराबादच्या घराचा नकाशा दाखवून विचारलं, "या हॉलमध्ये दोन्ही बसतील ना?"

जायचं अक्कांनीच ठरवलं. दुकान भावाच्या हाती दिलं. आमची लिफ्ट महिन्यातून कितीदा तरी बंद पडायची, आणि जिने आता काकांना जमत नव्हते. "हट्ट करायचा तेव्हा केला," त्या म्हणाल्या. "आता तळमजला हवा. सरी."

निघायच्या दिवशी पाट आदल्या दिवशीच ट्रकनं पुढे गेले होते. फाटकात पाण्याचा टँकर उभा, त्यामुळे मुलानं गाडी बाहेर रस्त्यावर लावलेली. काका अंगण ओलांडून आले आणि सरकत्या फाटकाच्या लोखंडी पट्टीशी थांबले. पाय चिकटले. मुलगा पुढे झाला. वॉचमन म्हणाला, "उचलून नेऊ, अक्का?" टँकरवालाही खाली उतरला.

"कुणी हात लावायचा नाही," अक्का म्हणाल्या. "पुणेकर, घरात रांगोळी आहे?"

मी धावत वर जाऊन डबा आणला. अक्का वाकल्या. पट्टीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा, मग थेट गाडीच्या दारापर्यंत, मूठ मूठ रांगोळी सोडत त्यांनी जाड बाण काढले. टँकरवाल्यानं न सांगता मोटर बंद केली. अक्का काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हात झटकले, पण त्यांना धरलं नाही. पायानं जमिनीवर ठेका धरला.

काकांनी खाली पाहिलं. "गाणं कुठलं?"

"तुमचं. सावकाश."

पाय उचलला गेला.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी रिकामा डबा घेऊन तिथेच उभी राहिले. प्रत्येक बाण काकांच्या बुटानं मधोमध फरफटला होता. आणि त्यांच्या कडेकडेनं, कोऱ्या सिमेंटवर, अक्कांच्या चपलांचे पांढरे ठसे गाडीपर्यंत गेले होते.